मागचे चोवीस तास

वजनकाट्याला सपाट जमीन लागते.
वाशी नाक्याच्या त्या पुनर्वसन इमारतीत
सात मजले चढेपर्यंत ती सापडली नाही.
शेवटी मंदाकिनी खरातांच्या मोरीपुढची एक लादी
फिरदौसनं पाणपातळी लावून पसंत केली.
आधी पाण्याचा वीस लिटरचा कॅन चढवला,
काटा खरा की खोटा बघायला.
"एकोणीस आठशे," मी म्हटलं.
"जिन्यात सांडलं असेल," त्या म्हणाल्या.
लिफ्ट दोन गणपतींपासून बंद आहे.

मग त्या चढल्या, चपला काढून,
मंगळसूत्र पण काढू का विचारत.
अठ्ठ्याऐंशी किलो तीनशे.
त्याच लादीवर धाकटा तेजस,
वयाच्या मानानं चार किलो कमी.
एका घराचे दोन फॉर्म,
एक माझ्या फाइलीत, एक कुपोषणवाल्यांच्या.
आमची जेवणाची सुट्टी वेगवेगळी असते.

"काल उठल्यापासून आज उठेपर्यंत काय काय खाल्लंत?"
"खाल्लं म्हणजे, बसून?"
मी पिशवीतून मापाच्या वाट्या काढल्या,
दीडशे मिलीची, दोनशेची, चमचे.
त्यांनी त्या हातात घेऊन पाहिल्या
दुसऱ्याच्या मुलीची भातुकली पाहावी तशा.
चहा. पाच रुपयांचा पुडा. चहा.
पोरीच्या डब्यातून परत आलेली अर्धी पोळी.
रात्री उरलेला भात, उरलेल्या डाळीत,
"आणि टोपाला लागलेलं. ते कुठं टाकणार?"
कोडबुकात तांदळाला आकडा आहे, तूरडाळीला आहे,
उरलेल्याला नाही.
फिरदौसनं लिहिलं: नव्याण्णव, इतर.

प्रश्न एक्केचाळीस. वजन वाढण्याचं कारण, आपल्या मते?
"इकडं आलो ना, तेव्हापासून."
तिकडं, पाइपलाइनीकडेला, झोपडं होतं
आणि चार घरची कामं, चालत.
संध्याकाळी पालेभाजीच्या जुड्या पडेल भावात.
इथून जाऊन-येऊन साठ रुपये जायला लागले
तेव्हा कामंच सोडली.
आता जीन्सचे धागे कापतात, नगाला चाळीस पैसे,
खिडकीत बसून, कारण उजेड तिथंच येतो,
अकरा ते साडेबारा.
समोरच्या इमारतीतला माणूस दात घासतो
तर ब्रशचा रंग कळतो.
दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, भात सोडा, रोज तासभर चाला.
"चालले की एक दिवस. बिल्डिंगीभोवतीच.
बायका विचारायला लागल्या,
काय हरवलंय का?"

परळच्या सभागृहात मी हे सगळं मांडलं
तेव्हा समोर बशांत समोसे होते.
तिसऱ्या रांगेतले एक सर म्हणाले,
"थोडक्यात, जीवनशैली."
शैली.
जणू शिंप्याकडचं गळ्यांचं पुस्तक चाळून
बाईंनी बोट ठेवलं होतं, हा शिवा.
मी काहीच बोलले नाही. पुढचा आलेख लावला.
त्यात त्या एक टिंब आहेत, उजवीकडे, वर.
टिंबाला गुडघे नसतात.

दुसऱ्या फेरीला काटा लावायच्या आतच त्या म्हणाल्या,
"आज तुम्ही सांगा. काल काय खाल्लंत?"
मला आठवेना.
उभ्याउभ्या काहीतरी, लॅपटॉपपुढं काहीतरी,
आईचा डबा तसाच परत नेलेला,
तो रात्री कुणी संपवला ते विचारलंच नाही.
"घाई नाही. आठवा," त्या म्हणाल्या
हुबेहूब माझ्या आवाजात,
प्रशिक्षणात शिकवतात त्या सुरात.
मग त्यांनीच आठवण दिली,
"सातशे चारमध्ये चहा प्यालात.
तीन चमचे साखर घालते ती. नको नाही म्हणालात."
"कसं म्हणणार?"
"तेच लिहा मग," त्या म्हणाल्या,
आणि ढिगातली पुढची जीन्स ओढली.